ओगामी इत्तोचा वीट आल्यावर ‘लोन वुल्फ अँड कब’ कसे वाचावे

काझुओ कोइके यांनी लिहिलेली आणि गोसेकी कोजिमा यांनी चितारलेली ‘लोन वुल्फ अँड कब’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1970 ते 1976 या काळात जपानमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचे 28 खंड आहेत. अनेक वाचक मोठ्या उत्साहाने ती हाती घेतात आणि काही खंडांतच थबकतात. बाबागाडीत मुलाला बसवून गावोगाव हिंडणारा, 500 र्यो (जुनी जपानी सोन्याची नाणी) घेऊन कोणाचाही जीव घेणारा ओगामी इत्तो त्यांना नकोसा होतो. माझेही असेच झाले होते. हा कंटाळा खोटा नसतो, म्हणून तो दडपून पाने उलटत राहण्यापेक्षा तो नेमका कशाचा आहे हे आधी ओळखावे.

पुष्कळदा तो केवळ एकसुरीपणाचा असतो. गाव, सुपारी, झुंज, रक्त आणि पुन्हा वाट, हा क्रम सलग पाच-सहा कथांत भेटला की मन बधिर होते. ही मांगा मुळात एका साप्ताहिकात येत होती, म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांना एक हत्या पचवायला आठवडा मिळत असे, आणि आपण मात्र एका बैठकीत अख्खा खंड संपवतो. म्हणून दिवसाला एकच कथा वाचावी आणि पुस्तक मिटावे. सुरुवातीच्या बहुतेक कथा स्वयंपूर्ण असल्यामुळे असे थांबल्याने धागा तुटत नाही.

राग खुद्द नायकाचा असेल, तर उपाय निराळा आहे. दुसऱ्या खंडात इत्तोला एका वृद्ध बौद्ध धर्मगुरूला मारण्याचे काम मिळते. गांजलेली रयत या माणसाला साक्षात बुद्ध मानते. पहिल्या वेळी इत्तोची तलवार चालत नाही, कारण समोरच्या माणसात ना भय आहे ना प्रतिकार. स्वतः तो वृद्धच त्याला ‘मी’पणा सरण्याविषयी सांगतो, आणि इत्तो ते सांगणे मनात मुरवून परत येतो आणि त्यालाच ठार करतो. इथे मी पुस्तक खाली ठेवले होते. इतक्या मोलाच्या शिकवणीचा असा वापर करणाऱ्या माणसाच्या मागे आपण का जावे, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इत्तोच्या चांगुलपणात शोधू नये, कारण ते तिथे नाही. त्याने स्वतःच पत्करलेल्या वाटेला तो ‘मेइफुमादो’, म्हणजे नरकाची वाट, म्हणतो. लेखक त्याला निर्दोष ठरवत नाही, तेव्हा आपणही ती धडपड सोडावी.

त्याऐवजी प्रत्येक कथेत पैसे कोणी दिले आणि का, हे पाहावे. काम घेण्यापूर्वी इत्तो त्यामागचे कारण आणि गुपित सांगायला लावतो, आणि कथेचा खरा ऐवज तिथेच असतो. तोकुगावा शोगुनशाहीत, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी राजवटीत, एखादी जहागीर खालसा झाली की तिच्या पदरचे सारे सामुराई एका दिवसात रोनिन, म्हणजे बिनधन्याचे, होत. वारसाचा वाद, सरदाराचे वेड किंवा दरबारातले कारस्थान बाहेर फुटू नये म्हणून मग कारभारी मारेकरी शोधतात. एका कागदावर सुपारी देणारा, त्याची भीती आणि मेलेला माणूस, एवढे तीनच शब्द दर कथेला लिहावेत. दहा कथांनंतर तो कागद वाचला की हिंसा एका माणसाच्या अंगातली नसून एका व्यवस्थेच्या हिशेबातली आहे हे स्पष्ट दिसते, आणि निदान माझा तरी इत्तोवरचा राग योग्य ठिकाणी वळला.

दुसरा आधार दाइगोरोचा, म्हणजे इत्तोच्या गाडीतल्या मुलाचा. पहिल्या खंडातला तो प्रसंग पुन्हा काढून अगदी सावकाश पाहावा. याग्यू घराण्याच्या कटात आई मारली गेली आहे, बापावर शोगुनद्रोहाचा आळ आला आहे, आणि रांगत्या मुलासमोर एका बाजूला चेंडू व दुसऱ्या बाजूला तलवार ठेवली आहे. चेंडू धरला तर बाप त्याला आईकडे धाडणार, म्हणजे मारणार. तलवार धरली तर सोबत नेणार. बाळ चेंडूकडे पाहते आणि तलवारीकडे जाते. हा प्रसंग मनात ठेवून पुढच्या कथांत झुंजीऐवजी गाडीतल्या मुलाचा चेहरा शोधावा. कोजिमांच्या कुंचल्यातले गवत, पाऊस आणि शब्दहीन पानेही घाईने ओलांडू नयेत; बोलणे नाही म्हणून पान उलटले, तर या मांगेचा निम्मा जीव हातातून जातो.

स्त्रियांवरील अत्याचाराबाबत मात्र मी कोणालाही सबुरी धरायला सांगणार नाही. अनेक कथांत बलात्कार येतो आणि बऱ्याचदा तो केवळ कथानक पुढे ढकलण्यासाठी येतो. त्या काळाचे वास्तव म्हणून त्याचे समर्थन केले जाते, पण ते मला पटत नाही. अशी पाने सरळ गाळावीत.

मधल्या सुट्या कथा गाळल्या तरी याग्यू घराण्याचा प्रमुख रेत्सुदो याच्याशी असलेल्या वैराचा धागा हातात राहतो. शेवटचे खंड मात्र त्याच वैराची सलग कथा सांगतात, त्यामुळे ते तुकड्यांत वाचू नयेत. एवढे करूनही मन लागत नसेल तर थांबावे. ताकेहिको इनोउए यांची 1998 मध्ये सुरू झालेली ‘व्हॅगाबॉन्ड’ ही मांगा तेव्हा हाती घ्यावी. तिचा नायक मुसाशीही आरंभी तितकाच हिंस्र आहे, पण पुढे एका उपाशी गावात तो तलवार बाजूला ठेवून शेत कसतो. 2015 पासून तिचे नवे प्रकरण आलेले नाही, हे ठाऊक असू द्यावे. आणि थांबलेल्या खंडात तो तीन शब्दांचा कागद खुणेसाठी ठेवावा, म्हणजे वर्षभराने परतलात तरी शेवटची सुपारी कोणाची होती ते लगेच कळेल.