आधी भाड्याने, मग विकत: घराच्या करारात या चुका टाळा

काही काळ भाड्याने राहायचं आणि ठरलेल्या मुदतीत तेच घर मालकाकडून विकत घ्यायचं, अशा करारात वाद होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. भाडेकरू सही करताच स्वतःला मालक समजू लागतो आणि मालक शेवटच्या दिवसापर्यंत त्याला नुसता भाडेकरूच समजतो. कागद यातल्या कुणाचीच पूर्ण बाजू घेत नाही.

सहीआधी एक शब्द शोधा: भाडेकरू घर ‘घेऊ शकेल’ की ‘घेईल’? ‘घेऊ शकेल’ असेल तर तो हक्क आहे. त्याने नको म्हटलं तर या हक्कासाठी सुरुवातीला भरलेली रक्कम सहसा बुडते, पण घर गळ्यात पडत नाही. विक्रेता, म्हणजे घरमालक, मात्र बांधला जातो. भाव कितीही चढला तरी मुदत संपेपर्यंत तो या भाडेकरूला डावलून दुसऱ्याला विकू शकत नाही. ‘घेईल’ असेल तर माघार घेणारा भाडेकरू करारभंगात सापडतो.

आता वजावट. समजा, नेहमीचं भाडं १०० आहे आणि तुम्ही १२० देताय. वरचे २० किमतीतून वजा होणार, म्हणजे ३६ महिन्यांत ७२०. ही काही अनामत नव्हे. बहुतेक करारांत खरेदी झाली तरच ती धरली जाते. एक भाडं उशिरा गेलं की त्या महिन्याची वजावट रद्द, असं कलमही बारीक अक्षरात असतं. भाडं बँकेतूनच द्या आणि दरवर्षी हिशेबावर दोघांच्या सह्या घ्या.

सगळ्यात महागात पडते ती मालकाच्या कर्जाकडे केलेली डोळेझाक. तुम्ही भाडं वेळेवर देता, तो बँकेचा हप्ता थकवतो आणि घर लिलावात निघतं. तारण आधीचं असेल तर तुमचा हक्क सहसा बँकेच्या मागे राहतो. म्हणून घरावरचा बोजा आधी तपासा, करार नोंदवता येत असेल तर नोंदवा आणि थकलेला हप्ता थेट बँकेत भरून भाड्यातून कापून घेण्याचं कलम घाला. विक्रेत्यानेही असा व्यवहार बँकेला चालतो का, हे आधी विचारावं.

भाडं थकलं म्हणून कुलूप बदलणं ही विक्रेत्याची नेहमीची चूक. बऱ्याच ठिकाणी कोर्टात गेल्याशिवाय घर रिकामं करता येत नाही. त्यातून भाडेकरूने बरीच रक्कम भरलेली असेल तर काही ठिकाणी न्यायालयं त्याला साध्या भाडेकरूपेक्षा जास्त हक्क देतात.

दुरुस्तीचं थोडक्यात: गळका नळ कुणाचा आणि गळकं छत कुणाचं, हे वेगवेगळं लिहा. ‘दुरुस्ती भाडेकरूकडे’ एवढ्यावर सही करू नका.

राहिली ती खरेदी कळवण्याची मुदत. कलमात ‘लेखी नोटीस, टपालाने’ असेल तर ‘घर नक्की घेतोय हं’ हा व्हॉट्सॲप मेसेज कामाचा नाही. एक दिवस उशीर झाला तरी हक्क जाऊ शकतो. कर्ज मंजूर व्हायलाही वेळ लागतो, तेव्हा चार-सहा महिने आधीच बँकेत जा. नोटिशीची पोचपावती मूळ कराराला टाचून ठेवा.