इंटरनेट चालवणाऱ्या कंपन्यांचे शेअर दीर्घ मुदतीसाठी कसे पारखायचे

रत्नागिरीत मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहताना तो व्हिडिओ सातासमुद्रापलीकडून येत नाही. तो मुंबईत किंवा आपल्या इंटरनेट कंपनीच्याच सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीतून येतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक पाहत होते. एवढी गर्दी एका ठिकाणच्या सर्व्हरना पेलत नाही, म्हणून मजकूर प्रेक्षकाच्या जवळ नेऊन ठेवावा लागतो. हे काम करणाऱ्या कंपन्यांना सीडीएन (कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क) म्हणतात. त्यांच्याखाली डेटा सेंटर, फायबर, मोबाइल टॉवर आणि समुद्राखालच्या केबल अशी सगळी उतरंड असते.

यावरून बहुतेक जण एक सोपा निष्कर्ष काढतात: डेटाचा वापर वाढतोच आहे, म्हणजे हे शेअरही वाढणार. हा निष्कर्ष चुकीचा आहे. अकामाय ही या धंद्यातली सर्वांत जुनी मोठी कंपनी. १९९८ मध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये शेअर बाजारात आली आणि काही महिन्यांत शेअर ३०० डॉलरच्या वर गेला. २००२ मध्ये तोच शेअर एका डॉलरच्याही खाली होता. त्यानंतर कंपनी सावरली, २०२४ मध्ये तिचा महसूल ४ अब्ज डॉलरच्या जवळ पोचला, इंटरनेटवरची वाहतूक कित्येक पटींनी वाढली. तरी २०२४ अखेर शेअर १०० डॉलरच्या आसपासच होता. त्यामुळे ट्रॅफिक किती वाढलं यापेक्षा त्यातून एका शेअरमागे किती रोख रक्कम उरते, हे मोजायचं. खालची सगळी कृती त्यासाठीच आहे.

आधी कंपनीची जागा ठरवा

कंपनी नेमकं काय विकते, हे एका वाक्यात लिहा. टॉवर आणि फायबर कंपन्या भाडं घेतात. डेटा सेंटर कंपन्या जागा, वीज आणि थंडावा विकतात. सीडीएन कंपन्या वाहून नेलेल्या डेटाचे पैसे घेतात आणि त्याच सर्व्हरवरून सुरक्षा आणि कंप्युटिंगही विकतात. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. डेटा सेंटरला सॉफ्टवेअर कंपनीचं मूल्यांकन लावलं की हिशेब पहिल्याच पायरीवर बिघडतो.

अमेरिकी कंपनीची माहिती तिथल्या बाजार नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट मिळते. दरवर्षीचा १०-के अहवाल उतरवून घ्या. गुंतवणूकदारांसाठीचं रंगीत सादरीकरण नंतर पाहा, कारण त्यात कंपनीला सोयीचेच आकडे पुढे असतात. भारतीय कंपनीसाठी वार्षिक अहवाल आणि दर तिमाहीचा कॉन्फरन्स कॉलचा उतारा बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर असतात.

सीडीएन: भाव पडण्याचा धंदा

हापूसचं पीक एकदम उतरलं की पेटीचा भाव कोसळतो, आणि जास्त पेट्या विकूनही हातात तेवढेच पैसे येतात. निव्वळ डेटा पोचवण्याच्या धंद्यात असं दरवर्षी होतं. प्रति जीबी दर २० टक्क्यांनी उतरला आणि ट्रॅफिक २५ टक्क्यांनी वाढलं, तर ०.८ गुणिले १.२५ म्हणजे बरोबर १. महसूल होता तिथेच. सर्व्हर मात्र पाव हिश्श्याने जास्त लागले.

खर्चाची बाजूही समजून घ्या. बँडविड्थचं, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेचं, बिल बऱ्याचदा ९५ व्या पर्सेंटाइलने लागतं: दर ५ मिनिटांनी वापर मोजायचा, महिन्यातली सर्वांत वरची ५ टक्के मोजमापं सोडून द्यायची आणि उरलेल्यांत जे सर्वांत मोठं असेल त्याचे पैसे घ्यायचे. ३० दिवसांच्या महिन्यात ८,६४० मोजमापं होतात आणि त्यातली ४३२, म्हणजे ३६ तासांची, माफ असतात. म्हणून महिन्यातून एखाद-दुसऱ्या सामन्याची गर्दी जवळपास फुकटात निघते. आयपीएलसारखी रोज संध्याकाळची गर्दी मात्र पूर्ण बिलात येते. ज्या कंपनीचे ग्राहक वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या देशांत गर्दी करतात, तिचं तेच जाळं जास्त तास कमावतं.

दुसरा धोका म्हणजे मोठा ग्राहक स्वतःच हे काम करू लागतो. नेटफ्लिक्सची ओपन कनेक्ट आणि गूगलची कॅशे यंत्रणा इंटरनेट कंपन्यांच्या इमारतीतच बसवलेली असते. सर्वांत जास्त ट्रॅफिकवाल्याला बाहेरच्या सीडीएनची गरज सर्वांत कमी. म्हणून अहवालात ‘महसुलाच्या १० टक्क्यांहून जास्त देणारे ग्राहक’ ही ओळ शोधायचीच. २०२० च्या पहिल्या सहामाहीत फास्टली या सीडीएन कंपनीच्या महसुलात एकट्या टिकटॉकचा वाटा सुमारे १२ टक्के होता. त्यांनी वापर कमी केला, ऑक्टोबरमध्ये कंपनीने अंदाज खाली आणला, आणि शेअर एका दिवसात पाव भागाहून जास्त पडला. तेव्हा १०० डॉलरच्या वर असलेला तो शेअर २०२२ अखेर १० डॉलरच्या खाली होता.

आणि हा धंदा बुडूही शकतो. लाइमलाइट या जुन्या कंपनीने २०२२ मध्ये एजकास्ट ही दुसरी सीडीएन कंपनी घेतली, एजिओ हे नाव लावलं, सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांचे काही करार अकामायने विकत घेतले. ट्रॅफिक तिच्याकडेही भरपूर होतं.

वही उघडून हे आकडे सलग पाच वर्षांचे लिहा.

पहिला, महसुलाची फोड. डिलिव्हरी किती, सुरक्षा किती, कंप्युटिंग किती? अकामायमध्ये २०२४ ला निम्म्याहून थोडा जास्त महसूल सुरक्षेचा होता आणि डिलिव्हरी घटत होती. एकूण महसूल सपाट दिसला तरी आत धंदा बदलत असतो, आणि तो बदल पुरेशा वेगाने होतो का, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरा, ग्रॉस मार्जिन, म्हणजे सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा करून महसुलातला उरलेला हिस्सा. २०२४ मध्ये क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचं सुमारे ७७ टक्के, फास्टलीचं सुमारे ५४ टक्के. एवढा फरक का, हे खर्चाच्या व्याख्येत वाचा. क्लाउडफ्लेअर फुकट वापरणाऱ्या ग्राहकांच्या बँडविड्थ आणि सर्व्हरचा खर्च विक्री व मार्केटिंगमध्ये धरते, त्यामुळे तो ग्रॉस मार्जिनमधून कापला जात नाही. हे लपवलेलं नाही, अहवालात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण दोन कंपन्यांची तुलना करण्याआधी हे माहीत हवं.

तिसरा, नेट रिटेन्शन. मागच्या वर्षीच्या ग्राहकांनी १०० रुपये दिले होते, त्याच ग्राहकांनी या वर्षी किती दिले? ११० च्या वर असेल तर चांगलं, १०० च्या आसपास घोटाळत असेल तर वाढीसाठी सतत नवे ग्राहक पकडावे लागतात. आकड्यापेक्षा त्याची दिशा पाहा. सलग चार तिमाही उतरत असेल तर कारण सापडेपर्यंत हात लावू नका.

चौथा आकडा सर्वांत जास्त वेळा चुकवला जातो: कर्मचाऱ्यांना पगाराऐवजी दिलेले शेअर. ‘ॲडजस्टेड’ नफ्यात हा खर्च वगळलेला असतो. क्लाउडफ्लेअरचा २०२४ चा महसूल सुमारे १.६७ अब्ज डॉलर, फ्री कॅश फ्लो (कामकाजाचा आणि भांडवली खर्च भागवून उरलेली रोख) महसुलाच्या सुमारे १० टक्के आणि शेअररूपी मोबदला महसुलाच्या सुमारे २० टक्के. म्हणजे हा मोबदला खरा खर्च धरला, आणि तो धरायलाच हवा, तर फ्री कॅश फ्लो उणे होतो. धंदा उत्तम असू शकतो, पण त्या वर्षी भागधारकाच्या वाट्याला रोख काही उरलं नाही. पडताळणीसाठी एकूण शेअरची संख्या पाहा. वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढत असेल तर तुमचा हिस्सा पातळ होतो आहे.

पाचवा, घसारा, म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या आयुष्याच्या वर्षांवर वाटून दाखवलेला खर्च. ६०० कोटींचे सर्व्हर ४ वर्षांत उतरवले तर वर्षाला १५० कोटी खर्च दिसतो, ६ वर्षांत उतरवले तर १०० कोटी. एका ओळीच्या बदलाने नफा ५० कोटींनी फुगतो, रोख मात्र तेवढीच गेलेली असते. गूगलच्या अल्फाबेटने २०२३ पासून सर्व्हरचं आयुष्य ४ वरून ६ वर्षं धरलं. ॲमेझॉनने २०२४ मध्ये ५ वरून ६ केलं आणि २०२५ पासून काही यंत्रांसाठी पुन्हा ५ वर आणलं. हिशेबाच्या टिपांत ‘उपयुक्त आयुष्य’ शोधा आणि आदल्या वर्षाशी ताडून पाहा.

सेवा बंद पडण्याच्या बातमीवर घाईने विकू नका. ८ जून २०२१ ला फास्टली, १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर बंद पडली आणि जगभरच्या साइट अडल्या. अशा वेळी कंपनीने कारण किती लवकर आणि किती खुलेपणाने सांगितलं ते वाचा. नंतरच्या दोन तिमाहींत मोठे ग्राहक गळाले का, तेही बघा. पडझडीचा खरा पुरावा तिथे मिळतो.

डेटा सेंटर आणि केबल

इक्विनिक्स, डिजिटल रिअल्टी या अमेरिकी कंपन्या आरईआयटी, म्हणजे इमारतींच्या भाड्यातून कमावून त्यातला बहुतेक नफा भागधारकांना वाटणाऱ्या कंपन्या आहेत. इमारतींच्या घसाऱ्यामुळे त्यांचा साधा नफा कमी दिसतो, म्हणून प्रति शेअर एएफएफओ, म्हणजे घसारा परत मिळवून आणि देखभालीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम, पाहतात. तो आकडा कंपनीच ठरवते. नेहमीच्या देखभालीचा भांडवली खर्च त्यातून पुरेसा वजा केला आहे का, हे तपासा. कर्ज किती आणि कुठल्या वर्षी फेडायचं आहे, याचा तक्ता अहवालात असतो.

आपल्याकडे ऐरोली, महापे, पनवेल भागात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. त्यांतल्या कित्येकांचे मालक आपल्या शेअर बाजारात नाहीतच. पनवेलच्या योट्टा या डेटा सेंटर कंपनीचा शेअर विकत घेता येत नाही. नेक्स्ट्रा ही एअरटेलची डेटा सेंटर कंपनी हवी तर अख्खी एअरटेल घ्यावी लागते. ‘आम्हीही डेटा सेंटर काढतोय’ म्हणणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: आज वीज वापरून पैसे देणारे मेगावॅट किती? जाहीर केलेले मेगावॅट मोजायचे नाहीत.

टाटा कम्युनिकेशन्सकडे समुद्राखालच्या केबलचं मोठं जाळं आहे. तिच्या डिजिटल विभागाची वाढ वेगवान, पण मार्जिन जुन्या कनेक्टिव्हिटीच्या धंद्यापेक्षा बरंच कमी, त्यामुळे दोन्ही विभागांचा नफा वेगळा पाहा. रेलटेलचं रेल्वेरुळांच्या कडेने ६० हजार किलोमीटरहून जास्त फायबर आहे, पण महसुलाचा मोठा भाग सरकारी प्रकल्पांच्या कामातून येतो. त्यात मार्जिन कमी आणि वसुलीला उशीर. म्हणून येणं किती दिवसांचं थकलं आहे, ते मोजा. इंडस टॉवर्सचा धडा ग्राहकांचा आहे: व्होडाफोन आयडियाने पैसे थकवल्यावर २०२२-२३ मध्ये बुडीत येण्यासाठी मोठी तरतूद करावी लागली आणि एका तिमाहीत तोटाही झाला. टॉवर तेच, भाडं तेच, पण भाडेकरूच अडचणीत.

निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, अलिबाग भागात वीज गेल्यावर टॉवर डिझेलवर चालवावे लागले. महामार्गाच्या खोदकामात जेसीबीने फायबर तुटणं कोकणात सर्वांना परिचयाचं आहे. डिझेलचा खर्च ग्राहकाकडून वसूल होतो की कंपनीच्या माथी पडतो, हे करारांच्या वर्णनात कळतं.

किती भाव द्यायचा

समजा कंपनीचं बाजारमूल्य १०० आणि विक्री १०. पाच वर्षं विक्री दरसाल २० टक्के वाढली तर २४.९ होईल. तेव्हा २० टक्के रोख नफा राहिला तर ५. त्याला २५ पट भाव मिळाला तर कंपनीचं मूल्य सुमारे १२४. या काळात शेअरची संख्या दरसाल ३ टक्के वाढली, म्हणजे १.१६ पट झाली. एका शेअरमागे उरले १०७. पाच वर्षांत मिळून ७ टक्के, म्हणजे वर्षाला दीड टक्काही नाही. बँकेतली मुदत ठेव याहून बरी. आणि यात कंपनीने सगळं नीट केलं असं धरलं आहे! हाच हिशेब ५० बाजारमूल्यावर केला तर दरसाल १६ टक्क्यांच्या वर जातो. कंपनी तीच, फरक फक्त दिलेल्या भावाचा.

पैसे, कर आणि वेळ

आंब्याचे पैसे एप्रिल ते जूनमध्ये एकदम हातात येतात आणि तेव्हाच सगळे गुंतवायचा मोह होतो. बागायतदाराने आधी पावसाळ्यातलं कल्टार (मोहोर यावा म्हणून देतात ते औषध) आणि खतं, मोहोराच्या फवारण्या आणि मजुरी यांचा पुढच्या हंगामापर्यंतचा खर्च बाजूला काढावा. तो शेअरमध्ये घालू नये. उरलेल्या रकमेचे चार भाग करा आणि प्रत्येक भाग एकेका तिमाही निकालानंतर घाला. या क्षेत्रातल्या एका कंपनीत एकूण शेअर गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांहून जास्त नको.

परदेशी शेअरसाठी एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर. अमेरिकी लाभांशावर तिथे साधारण २५ टक्के कापून येतात आणि त्याचं क्रेडिट इथे मागता येतं.

दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. परदेशी शेअर असतील तर आयटीआर-१ चालत नाही. परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट एफए कॅलेंडर वर्षानुसार भरावं लागतं, नफा झाला असो वा नसो. दुसरं, अमेरिकी शेअर ६० हजार डॉलरच्या वर असताना मालकाचं निधन झालं तर तिथला वारसा कर लागू होऊ शकतो. रक्कम त्या घरात जात असेल तर आधीच सीएशी बोला.

विकायचं कधी, हे घेतानाच तारखेसह लिहून ठेवा: नेट रिटेन्शन १०० च्या खाली सलग दोन तिमाही, एका ग्राहकाचा वाटा १५ टक्क्यांच्या वर, शेअरची संख्या ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, किंवा कंपनीने एखादा आकडा देणं अचानक बंद केलं. शेवटच्या बाबतीत लगेच मागचे अहवाल काढा. आकडा चांगला असताना तो द्यायचं सहसा कुणी थांबवत नाही.