बुशमधलं लोकगीत लघुपटात कसं जतन करावं

ऑस्ट्रेलियातल्या ‘बुश’मध्ये, म्हणजे शहरांपासून लांबच्या रानामाळात, जी जुनी गाणी तयार झाली ती बहुतेक कष्टकऱ्यांची आहेत. मेंढ्यांची लोकर कातरणारे, गुरांचे कळप शेकडो मैल हाकणारे, सोनं शोधायला आलेले, पाठीवर वळकटी टाकून कामासाठी भटकणारे. त्यांच्या गाण्यांचे शब्द छापले गेले, चालीही ध्वनिमुद्रित झाल्या. पण कातर धरलेला हात कसा फिरायचा, हे कागदावर राहत नाही. ते लघुपटात राहतं. म्हणून माझा आग्रह असा की, गाण्यासोबत त्यातलं काम टिपा. सूर्यास्त, कांगारू आणि मागे गिटार अशा फिती पुष्कळ झाल्या आहेत.

एकच गाणं निवडा

पाच-सात मिनिटांच्या फिल्मला एक गाणं पुरतं. उदाहरणादाखल लोकर कातरणाऱ्यांचं ‘क्लिक गो द शिअर्स’ घेऊ. त्याची चाल हेन्री क्ले वर्क या अमेरिकन संगीतकाराच्या १८६५ च्या गाण्यावरून आली आहे. शब्दांचा एक जुना पाठ व्हिक्टोरियातल्या ‘बॅकस मार्श एक्स्प्रेस’ या वर्तमानपत्रात १८९१ मध्ये छापलेला सापडतो.

गाणं समोर ठेवा आणि आजच्या माणसाला न कळणारी प्रत्येक गोष्ट वहीत उतरवा. रिंगर म्हणजे शेडमधला सर्वांत वेगवान कातरणारा. टार-बॉय म्हणजे डांबराचं भांडं घेऊन उभा असलेला पोरगा. कातरताना मेंढीची कातडी कापली गेली की त्याला हाक मारायची आणि तो जखमेवर डांबर फासायचा. ही यादी म्हणजेच तुमची पटकथा.

आता त्या ‘क्लिक’कडे या. तो आवाज हाताच्या कातरीचा आहे. १८८८ मध्ये डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप स्टेशनवर (स्टेशन म्हणजे मेंढ्या किंवा गुरं पाळण्याचा प्रचंड मळा) सगळ्या मेंढ्या यंत्राने कातरल्या गेल्या आणि त्यानंतर यंत्रं पसरत गेली. आजच्या शेडमध्ये मोटरची घरघर ऐकू येते. ती दृश्यं या गाण्याखाली जोडलीत, तर गाण्यातला काळच पुसला जाईल. हातकातर चालवणारी माणसं शोधा. न्यू साउथ वेल्समधल्या ‘हे’ (Hay) नावाच्या गावचं ‘शिअर आउटबॅक’ संग्रहालय चौकशीला चांगलं ठिकाण आहे. जॅकी हाव याने १८९२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये ब्लॅकॉलजवळ हातकातरीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. मेंढीमागे दीड मिनिटही नाही! हा वेग सांगण्यापेक्षा दाखवा. एक मेंढी पहिल्या कातरीपासून लोकर सुटेपर्यंत एकाच सलग शॉटमध्ये टिपा. त्यात कट नको.

मग जुनी वर्तमानपत्रं

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ मोफत आहे. गाण्यातली एखादी ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधा, मग वर्षं आणि राज्य निवडून यादी लहान करा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात, म्हणून दोन-तीन वेगळ्या शब्दांनी पुन्हा शोधा. तीन पाठ सापडले तर ‘खरा’ कोणता याचा वाद घालत बसू नका. कोणता पाठ कधी, कुठे छापला ते नोंदवा आणि फिल्ममध्ये फरक दिसू द्या.

हक्क आधी तपासा

गाणं सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून ते मोकळं आहे असं समजू नका. ‘कूकाबुरा’ हे बालगीत अनेकांना लोकगीत वाटायचं. ते मॅरियन सिंक्लेअर यांनी १९३० च्या दशकात लिहिलेलं निघालं. त्याच्या सुरावटीचा अंश एका गाजलेल्या पॉप गाण्यात वापरल्याबद्दल न्यायालयाने २०१० मध्ये मानधनाचा ५ टक्के वाटा देण्याचा आदेश दिला. ढोबळ नियम असा की, ऑस्ट्रेलियात कवी किंवा संगीतकार १९५५ पूर्वी वारला असेल, तर त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेली रचना तिथे मुक्त असते. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. शिवाय नवी संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. त्यांची परवानगी लेखी घ्या.

गाणारा माणूस

लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन मेरेडिथ यांनी १९५० च्या दशकात जड टेपरेकॉर्डर घेऊन न्यू साउथ वेल्स पालथं घातलं. लिथगोच्या सॅली स्लोन यांच्याकडून त्यांना गाण्यांचा मोठा साठा मिळाला, त्यातली कितीतरी त्या आईकडून शिकल्या होत्या. तुम्हीही हाच प्रश्न आधी विचारा: हे गाणं कुणाकडून शिकलात, कुठे, काय काम करताना? सिडनीचा १९५४ पासूनचा ‘बुश म्युझिक क्लब’, ईस्टरला कॅनबेरात भरणारा राष्ट्रीय लोकोत्सव आणि गावोगावच्या इतिहास मंडळांतून अशी माणसं भेटतात.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. मोबाइलचा कॅमेरा चालेल, पण माइक वेगळा हवा आणि मोकळ्यावर त्याला वाऱ्यापासून वाचवणारं केसाळ आवरण हवं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो; गाणाऱ्याला लोकरीच्या गठ्ठ्यांजवळ बसवा. घरात असाल तर फ्रीज बंद करा. पहिल्यांदा गातील ते अख्खं, न थांबवता घ्या. शब्द चुकले तरी टोकू नका, सूर लावून देऊ नका, गिटारची साथ तर नकोच. शेवटी त्या जागेची मिनिटभर शांतता ध्वनिमुद्रित करा, संकलनात तिची गरज पडतेच.

गाण्यांनी ज्यांना वगळलं

बुशचा इतिहास कातरणाऱ्या गोऱ्या मजुरांपुरता नाही. ती जमीन आदिवासींची होती आणि गुरांच्या स्टेशनांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेही तेच. १९६६ मध्ये वेव्ह हिल या गुरांच्या स्टेशनवर व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी या आदिवासी समाजाच्या कामगारांनी काम सोडलं, ते याच अन्यायापायी. त्यांची गाणी मात्र ‘जुनी म्हणून मोकळी’ धरू नका. त्या समाजाची संमती घ्या, आदिवासींच्या संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या कॅनबेरातल्या ‘आयॅट्सिस’ (AIATSIS) संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, आणि मृत व्यक्तींचे चेहरे वा आवाज असतील तर तशी सूचना सुरुवातीलाच दाखवा.

मराठी फिल्मकाराला एक जवळचा विषयही आहे. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी १८६० मध्ये २४ उंट कराचीहून मेलबर्नला गेले, आणि तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. पुढे उंटवाल्यांनी वाळवंटातली मालवाहतूक कित्येक दशकं सांभाळली. त्यांच्यावर मराठीत लघुपट व्हायला हवा.

दाखवा आणि जमा करा

कच्चं संकलन आधी त्याच गावच्या सभागृहात दाखवा. रेकॉर्डर चालू ठेवा, कारण म्हातारी मंडळी तिथेच चुका काढतात आणि विसरलेलं कडवं म्हणून दाखवतात. दुरुस्त्या करा, मग मूळ फाइलींच्या तीन प्रती काढा: दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावात. १९०६ मध्ये बनलेली नेड केली या दरोडेखोराच्या टोळीवरची फिल्म जगातली पहिली पूर्ण लांबीची कथाफिल्म मानली जाते. तासाभराहून मोठ्या त्या फिल्मची आज सुमारे १७ मिनिटंच शिल्लक आहेत.

प्रत्येक प्रतीसोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा: कोण गायलं, कुठे, कोणत्या तारखेला, कुणाकडून शिकलं, संमती कशासाठी दिली. तिच्यासह फिल्म जमा करून घ्याल का, असं राज्य ग्रंथालयाला किंवा कॅनबेराच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाला विचारा. त्यांनी घेतलं नाही तर गावचं ग्रंथालय आणि इतिहास मंडळ गाठा. एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्या.