विल्यम ब्लाउंट समजून घ्यायचा तर आधी जमीन बघा

तीस वर्षं तलाठी होतो, त्यामुळे कुणाचंही चरित्र हातात आलं की मी आधी जमीन शोधतो. मुलीकडे टेनेसीत, नॉक्सव्हिलला राहायला गेलो तेव्हा अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक, विल्यम ब्लाउंट, याचं लाकडी घर पाहिलं आणि हा माणूस असाच वाचायचा ठरवला. तुम्हालाही वाचायचा असेल तर माझी रीत सांगतो.

वहीत तीन रकाने पाडा: साल, पद, जमीन. जन्म १७४९, तो एका ओळीत उरका. खरी सुरुवात १७८३ पासून. त्या साली नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानं पश्चिमेची जमीन विकायला काढली, शंभर एकराला दहा पौंड. ब्लाउंट तेव्हा त्याच सभागृहात. तो आणि त्याचे भाऊ मिळून लाखो एकरांचे दावे गोळा करत गेले. त्या जमिनीवर चेरोकी हे मूलनिवासी राहत होते, हे रकान्याच्या समासात लिहून ठेवा.

१७८७ ला अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही. १७९० ला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननं त्याला नैर्ऋत्य प्रदेशाचा, म्हणजे पुढे टेनेसी झालेल्या मुलखाचा, गव्हर्नर नेमलं, शिवाय मूलनिवासींशी व्यवहाराचं कामही त्याच्याकडेच. इथे थांबा. १७९१ च्या होल्स्टन तहात चेरोकींनी मोठा मुलूख सोडला, बदल्यात वर्षाला हजार डॉलर. सरकारतर्फे सही ब्लाउंटची, आणि जमिनीचा भाव वाढला की फायदाही ब्लाउंटचा. आमच्याकडे तलाठी स्वतःच्याच नावावर फेरफार ओढायला लागला तर निलंबित होतो.

मग १७९७ चं पत्र सावकाश वाचा. जमिनीचे भाव कोसळले होते, कर्ज डोक्यावर. स्पेनच्या ताब्यातलं लुइझियाना फ्रान्सकडे गेलं तर मिसिसिपी नदीची वाट बंद होईल ही भीती. म्हणून टेनेसीतर्फे अमेरिकेच्या सिनेटवर असताना त्यानं ब्रिटिशांच्या मदतीनं स्पेनचा मुलूख घेण्याचा बेत केला आणि दुभाषा जेम्स केरीला लिहिलं: तीनदा वाच, मग जाळ. केरीनं जाळलं नाही. पत्र राष्ट्राध्यक्ष अॅडम्सपर्यंत पोचलं. सिनेटनं २५ विरुद्ध १ मतांनी त्याला काढलं. महाभियोगही चालला, अमेरिकेतला पहिलाच, पण सिनेटला तो चालवायचा अधिकारच नाही या मुद्द्यावर १७९९ मध्ये फेटाळला गेला.

पदाचा रकाना मात्र इतक्यात बंद करू नका. १७९८ मध्ये टेनेसीच्या लोकांनी त्याला राज्याच्या सिनेटवर निवडून दिलं आणि तिथे तो सभापती झाला! मी वहीत दोनदा खाडाखोड केली ती याच ओळीवर.

१८०० मध्ये तो नॉक्सव्हिललाच वारला. कबर तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात, घरापासून चालत जाण्याजोगी.