स्वतःची जॅझ ट्यून लिहायला शिकताना: मला उशिरा कळलेल्या गोष्टी

पहिली ट्यून लिहिली तेव्हा मला येत होत्या तेवढ्या सगळ्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मी तिच्यात कोंबल्या होत्या. दर दोन बीटला नवी कॉर्ड, प्रत्येकीला वर शार्प नाईन नाहीतर फ्लॅट थर्टीन असे जोडलेले जादा सूर, आणि चाल म्हणजे त्या कॉर्डमधले उरलेले सूर जोडून केलेली. मित्र वाजवायला जमले, चाल कशीबशी पार पडली, पण सोलो सुरू झाल्यावर सॅक्सवाला एक कोरस, म्हणजे साच्याची एक पूर्ण फेरी, वाजवून थांबला आणि म्हणाला, अरे यात मला श्वास घ्यायलाच जागा नाहीये. तेव्हा फार लागलं होतं मनाला, पण तो बरोबर होता.

नवीन लोकांना मी आता हेच आधी सांगतो. जॅझमध्ये आपण लिहितो ते बहुतेक वेळा 12 नाहीतर 32 बार (ठेक्याची आवर्तनं), ते सुरुवातीला आणि शेवटी वाजतं, मधे त्याच साच्यावर सगळे फेरीफेरीने सोलो घेतात. म्हणजे दहा मिनिटांच्या वादनात आपली लिहिलेली चाल असते दीड-दोन मिनिटं, बाकी सगळं वाजवणाऱ्यांचं. त्यांना तिथे खेळावंसं वाटलं पाहिजे.

सुरुवात ब्लूजपासून करा. 12 बार, तीन कॉर्ड, बस. ड्यूक एलिंग्टनचा सी जॅम ब्लूज ऐका, अख्खी चाल फक्त दोन सुरांवर आहे, जी आणि सी, आणि तरी एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही कारण सगळी गंमत ठेक्यात आहे. पियानोवादक थेलोनियस मंकच्या स्ट्रेट, नो चेसरमध्ये तर एक छोटासा तुकडा परत परत येतो, पण दर वेळी बारमधल्या वेगळ्या जागी पडतो. हे कळल्यावर मी महिनाभर फक्त तीन सुरांचे ब्लूज लिहिले, आणि पियानोवर बसून नाही, चालता चालता गुणगुणून फोनवर रेकॉर्ड करून. बोटांना सवयीच्या जागा माहिती असतात म्हणून ती तिथेच जातात, गळा मात्र जे खरंच ऐकू येतंय तेच गातो. जी चाल गाता येत नाही ती मी अजूनही बाजूला ठेवतो.

दुसरा टप्पा म्हणजे उसन्या कॉर्डवर नवी चाल, याला कॉन्ट्राफॅक्ट म्हणतात. काहींना ही चोरी वाटते, मलाही वाटायची, पण बीबॉप या वेगवान जॅझ शैलीतल्या वादकांनी हेच केलं. गर्शविनच्या 1930 च्या आय गॉट रिदमच्या कॉर्डवर इतक्या ट्यून झाल्या की त्या कॉर्डनाच रिदम चेंजेस असं नाव पडलं, ऑर्निथॉलॉजी ही हाऊ हाय द मूनच्या कॉर्डवर आहे. कॉर्डची मालिका सहसा कोणाच्या मालकीची धरत नाहीत, चाल मात्र असते, त्यामुळे चाल पूर्णपणे तुमची हवी. फायदा असा की साचा आधीच भक्कम असतो, आपण फक्त चालीवर लक्ष देऊ शकतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर, म्हणजे गाईड टोन. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन घ्या. डी मायनरमधला एफ जी सेव्हनमध्ये तसाच राहतो आणि मग ई वर उतरतो, आणि सी उतरतो बी वर आणि तिथेच थांबतो. या दोन ओळी आधी हळू गा, मग चालीतले महत्त्वाचे सूर त्यांच्या आसपास ठेवून बघा, खाली पियानो नसला तरी कॉर्ड बदलल्याचं कानाला कळतं. मला हार्मनी खरी कळली ती इथे, कॉर्डची नावं पाठ करून नाही.

कॉर्ड किती हव्यात याचं एक असं उत्तर नाहीच. माइल्स डेव्हिसच्या सो व्हॉटमध्ये 32 बारमध्ये फक्त दोन मोड (स्वरसप्तक) आहेत, 16 बार डी डोरियन, 8 बार अर्धा सूर वर, परत 8 बार डी. त्यात सॅक्सवादक जॉन कोल्ट्रेन वाजवतोय, आणि त्याच 1959 मध्ये त्याने जायंट स्टेप्स रेकॉर्ड केलं ज्यात कॉर्ड धावत सुटतात. एकाच माणसाला दोन्ही हवं होतं! फक्त कॉर्ड जास्त असतील तर त्या कशासाठी आहेत हे आपल्याला माहिती पाहिजे, मला माझ्या पहिल्या ट्यूनमध्ये ते माहिती नव्हतं.

लीड शीट, म्हणजे चाल आणि कॉर्डची नावं असलेला कागद, स्वच्छ लिहा, एका ओळीत चार बार. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्ससाठी एक सूर वर चढवून वेगळी प्रत काढा, मी एकदा विसरलो आणि रिहर्सलचा अर्धा तास त्यात गेला.

आणि ट्यून पूर्ण करा. माझ्याकडे कितीतरी पहिले आठ बार पडून होते, कारण ब्रिज, म्हणजे ट्यूनचा मधला वेगळा भाग, सुचत नव्हता. मग सॉनी रॉलिन्सचं ओलिओ लक्षपूर्वक ऐकलं, 1954 चं. त्याच्या ब्रिजला लिहिलेली चालच नाही, आठ बार कॉर्ड चालू राहतात आणि वाजवणारा तिथे दर वेळी नवं काहीतरी वाजवतो. त्या आठवड्यात मी तीन जुन्या ट्यून काढल्या, ब्रिजच्या जागी नुसत्या कॉर्ड लिहिल्या आणि सॅक्सवाल्याला पाठवून दिल्या.