एमएस्सी केमिस्ट्रीचा अभ्यास कसा करायचा: कोरा कागद घ्या आणि बसा

बीएस्सीला चांगले मार्क घेऊन आलेली पोरं एमएस्सीच्या पहिल्याच सेममध्ये गडबडतात, दरवर्षी पाहून राहिलो मी, आणि तो हुशारीचा प्रश्न नसतो. बीएस्सीला शेवटच्या पंधरा दिवसांत नोट्स पाठ केल्या की निघून जायचं. इथे तुम्ही कधी न पाहिलेला रेणू समोर टाकतात आणि म्हणतात सोडव. म्हणजे अभ्यासाची पद्धतच बदलावी लागते राजेहो, तास वाढवून काही होत नाही.

पद्धत एकच आहे, सोडवलेलं उत्तर झाकायचं आणि कोऱ्या कागदावर स्वतः करायचं. वाचताना सगळंच समजतं हो, पेन हातात घेतला की कळतं कुठे अडतं ते.

स्पेक्ट्रोस्कोपीचंच घ्या, म्हणजे पीक पाहून रेणू ओळखायचा. फॉर्म्युला दिला सी-९ एच-१० ओ-२, आयआरमध्ये (इन्फ्रारेड) १७४० च्या आसपास पीक, आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये (यात हायड्रोजनचे पीक दिसतात) तीनच सिंग्लेट, म्हणजे न फाटलेले एकेरी पीक, ३ प्रोटॉनचा, २ चा आणि ५ चा. आधी अनसॅच्युरेशन (रिंगा आणि डबल बाँड मिळून किती) काढा, ५ येतं, चार बेंझीन रिंगचे आणि एक कार्बोनिलचा, म्हणजे एस्टर दिसतो. इथपर्यंत सगळे येतात आणि पटकन मिथाइल फिनाइलअ‍ॅसिटेट लिहून मोकळे होतात, कारण त्यातही ३, २, ५ असेच सिंग्लेट आहेत. पण शिफ्ट, म्हणजे पीक कोणत्या आकड्याला आहे, ती पाहिली का? ३ प्रोटॉनवाला २.१ ला आणि २ वाला ५.१ ला असेल तर ऑक्सिजन सीएच-टू ला चिकटलेला आहे, म्हणजे तो बेंझाइल अ‍ॅसिटेट. दोघेही ३.६-३.७ च्या जवळ असतील तर मात्र मिथाइल फिनाइलअ‍ॅसिटेट. मास स्पेक्ट्रममध्ये १०८ ला मोठा पीक दिसला तर बेंझाइलवाल्याची अजून खात्री, कारण रेणूच्या १५० मधून ४२ चा किटीन हा तुकडा गेला. आता हे वाचून मान हलवली ना, पुस्तक बंद करा आणि उद्या सकाळी हाच प्रॉब्लेम एकट्याने करा, प्रत्येक पीक कोणाचा ते शेजारी लिहून. असे रोज दोनच करा पण रोज करा, परीक्षेपर्यंत शंभरच्या वर होतात.

मेकॅनिझमचंही तेच, म्हणजे रिॲक्शन पायरीपायरीने बाणांनी दाखवायची ते. बाण इलेक्ट्रॉनपासून निघतो, एच प्लसपासून नाही. पाठ करणाऱ्याचा बाण इथेच उलटा पडतो आणि तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं.

फिजिकल केमिस्ट्रीत उत्तर आलं की थांबून विचारा, हे पटण्यासारखं आहे का. २७ डिग्रीवरून ३७ वर गेल्यावर रिॲक्शनचा रेट दुप्पट होतो तर अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी किती? अरहेनियसच्या समीकरणात केल्विनमध्ये ३०० आणि ३१० टाकले की साधारण ५३.६ किलोज्यूल पर मोल येते. घाईत २७ आणि ३७ तसेच टाकले तर अर्ध्या किलोज्यूलच्या थोडं वर येतं, आणि पोरं तेच दोन दशांशांपर्यंत नीट लिहून खाली डबल लाइन मारतात! एवढी कमी एनर्जी असती तर १० डिग्रीने रेट दुप्पट झालाच नसता, एवढं मनात आलं पाहिजे.

आता प्रॅक्टिकल, यावर मी जरा जास्तच बोलतो. रीडिंग हातावर किंवा चिठ्ठीवर लिहू नका, थेट रफ जर्नलमध्ये पेनने लिहा, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला नवीन. आमच्या वेळी ऑगस्टमध्ये निकेल-डीएमजीची (डायमिथाइलग्लायॉक्झिम) ग्रॅव्हिमेट्री होती, तो लाल प्रेसिपिटेट (साका) वाळवून वजन घ्यायचं आणि निकेल किती ते काढायला ०.२०३२ ने गुणायचं. माझं वजन स्थिरच होईना, आधी ०.१४८२ ग्रॅम, मग ०.१४९६. शेजारचा म्हणे सारखं लिहून टाक ना बे. मी दोन्ही लिहिले आणि डेसिकेटरमधली (कोरडं ठेवायचं भांडं) सिलिका जेल निळीची गुलाबी झालेली दिसली तेही लिहिलं, म्हणजे ती ओली होती आणि क्रुसिबल थंड होताना दमट हवा खात होता. जेल बदलून पुन्हा वाळवलं, मग वजन जमलं. व्हायवात एक्झामिनरने त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलणं झालं. जमवलेल्या आकड्यावर दहा मिनिटं कोणी बोलू शकत नाही.

उन्हाळी परीक्षेचं टाइमटेबल नागपूरच्या उन्हाप्रमाणे लावा. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही, म्हणून ग्रुप थिअरी, क्वांटम असं जड काम सकाळी ६ ते १०, दुपारी फक्त जर्नल पूर्ण करणं, रिएजंटच्या याद्या वगैरे. जुने पेपर झेरॉक्स करून आणले की वाचत बसू नका, घड्याळ लावून तीन तासांत एक पूर्ण पेपर लिहा, रीडिंग रूममध्येच, घरी उठणं होतं.

सोबत सीएसआयआर-नेटचीही (रिसर्च फेलोशिप आणि लेक्चररशिपची परीक्षा) तयारी असेल तर हिशोब वेगळा आहे. १२० प्रश्नांतले जास्तीत जास्त ७५ सोडवायचे, २०० मार्क, तीन तास. पार्ट सी मध्ये ६० पैकी २५ च करायचे आणि प्रत्येकी ४ मार्क, चुकला तर १ कटतो, म्हणून कोणते सोडायचे हे ठरवायची सवयही लावावी लागते. आणि स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, म्हणून वरचं ते ५३.६ वालं गणित आज संध्याकाळी एकदा फक्त कागद-पेनवर करून पाहा, एलएन २ (२ चा नॅचरल लॉग) म्हणजे ०.६९३ धरून.