‘नवं औषध निघालं’ अशी बातमी आली की काय करायचं

गडहिंग्लजला माझं मेडिकल आहे. टीव्हीवर ‘अमुक रोगावर जालीम औषध’ असं झळकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर मोबाईल पुढे येतो, “दादा, हे आलंय का बघा.” येणाऱ्याला जे तोंडी सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय. अशी प्रत्येक बातमी थापच असते असं माझं म्हणणं नाही. बरीचशी खरी असते. ती आपल्या घरच्या पेशंटच्या उपयोगाची आहे का, आणि आज आहे का, एवढंच तपासायचं.

पहिलं बघा, औषध दिलं कुणाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियलची ‘कॅन्सर परत येऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी’ गाजली. रेझव्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीत असणारा एक पदार्थ) आणि तांबं यांचं ते मिश्रण. कॅन्सर पसरणं रोखण्याचा परिणाम दिसला होता तो उंदरांत. माणसांत तो तपासायला अजून काही वर्षं लागतील, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं. पण फिरणाऱ्या मेसेजात उंदीर कुठेच नव्हता. “तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर मी लहानपणापासून पिते की,” असं एक आजी म्हणाल्या. आजी, पाणी प्या, पण ती गोळी वेगळी. आणि तिच्या नावाखाली तांब्याच्या कॅप्सूल विकत घेऊन खाऊ नका.

दुसरं, रोगाचा नेमका प्रकार. जून २०२२ मध्ये ‘कॅन्सर शंभर टक्के बरा’ अशी बातमी आली. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात गुदाशयाच्या कॅन्सरचे १२ रुग्ण, दर तीन आठवड्यांनी डोस्टारलिमॅबचं इंजेक्शन, सहा महिने. बाराच्या बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ना ऑपरेशन, ना रेडिएशन. पुढे रुग्ण वाढवले तरी निकाल तसाच राहिला. बातमी सोन्यासारखी आहे. पण या सगळ्यांच्या गाठीत एक विशिष्ट दोष होता, डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडलेली. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात पाच-दहाच. म्हणून “हे इंजेक्शन द्या” असं डॉक्टरांना म्हणू नका. विचारा, “आमच्या पेशंटची एमएमआर तपासणी झालीय का?” डीएनए दुरुस्तीचा तो दोष आहे का, हे या तपासणीत कळतं. बायोप्सीच्या तुकड्यावरच ती होते. तो तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला निघालात तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नुसता कागदाचा रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलेली माणसं हात हलवत परत येतात.

तिसरी गोष्ट टक्क्यांची, इथे जरा थांबतो. माझ्या मते लिग्नोकेनवरच्या आपल्याकडच्या संशोधनाची बातमी फार मोलाची आहे, पण तिचा गाजावाजा त्या मानाने कमीच झाला. लिग्नोकेन तुम्हाला माहीत आहे. दात काढताना बधिर करायला हिरडीत सुई देतात, त्यात बहुधा तेच असतं. रबरी बुचाची छोटी बाटली, माझ्या फ्रीजशेजारच्या कप्प्यात कायम असते. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सुरू व्हायच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती हेच औषध टोचून बघितलं. देशातली ११ केंद्रं, १६०० बायका. कुणाला टोचायचं आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०२३ साली निकाल छापून आला: पाच वर्षांनी टोचलेल्यांपैकी शंभरातल्या ९० हयात, न टोचलेल्यांपैकी ८६. शंभरामागे चार जास्त. हाच आकडा ‘मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी घटला’ असाही लिहिता येतो. दोन्ही खरं. म्हणून टक्का दिसला की ‘शंभरातले किती, आणि कशाच्या तुलनेत?’ असं विचारायची सवय लावा. शंभरात चार हे कुणाला थोडं वाटेल, पण इतक्या स्वस्त औषधाने चार जीव वाचणं मला तरी प्रचंड वाटतं. ही चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातल्या, आधी केमो न घेता थेट ऑपरेशनला गेलेल्या बायकांवर झाली. घरात तशी वेळ आली तर ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा, नंतर त्याचा उपयोग नाही.

‘मंजुरी मिळाली’ म्हणजे मेडिकलमध्ये आलं असंही नसतं. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, लॅबमध्ये बदलून, परत त्यालाच देतात. हा उपचार रक्ताच्या काही विशिष्ट कॅन्सरसाठी आहे, तोही इतर उपचार थकल्यावर. बाटलीत भरून माझ्याकडे येणारी ती वस्तूच नव्हे.

औषधाची चाचणी अजून चालू असेल तर सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, ही सरकारी साइट उघडा. फुकट आहे. रोगाचं नाव टाकलं की कोणत्या हॉस्पिटलात चाचणी आहे, कोणते रुग्ण घेतात, फोन कुणाला करायचा, सगळं निघतं. पान इंग्रजीत आहे, तेव्हा घरातलं कॉलेजला जाणारं पोर शेजारी बसवा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत; कुणी मागितले तर तिथूनच उठा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येतं.

डॉक्टरांकडे किंवा चाचणीला जाताना चालू गोळ्यांची यादी न्या. त्यात काढे, चूर्णं, वैद्यांच्या पुड्याही लिहा, कारण काहींचं नव्या औषधाशी जमत नाही. यादी करायला जमत नसेल तर पिशवी घेऊन दुकानात या, दुपारी गर्दी नसते, मी लिहून देतो.